नवा तारा कुणाला सापडतो? : सुपरनोव्हांच्या शोधाची गोष्ट

विषय आकाशातला असला तरी सुरुवात आपल्या शहरापासूनच करतो. मलिक अंबरने खडकी वसवली ती १६१० साली. पुढे तिचं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. खडकी वसण्याच्या सहा वर्षं आधी, ऑक्टोबर १६०४ मध्ये, आकाशात एक नवा तारा झळकला. तो गुरूच्या तोडीचा तेजस्वी होता. केप्लरने वर्षभर त्याची निरीक्षणं केली, म्हणून त्याला केप्लरचा तारा म्हणतात. आपल्या स्वतःच्या दीर्घिकेतला, म्हणजे आकाशगंगेतला, जगभर नुसत्या डोळ्यांनी पाहिला गेलेला तो शेवटचा सुपरनोव्हा. म्हणजे बघा, हे शहर जन्माला आल्यापासून इथल्या एकाही माणसाला आकाशगंगेतला सुपरनोव्हा दिसलेला नाही. चारशे वर्षं झाली.

मग एवढे हजारो सुपरनोव्हा सापडले कुठे? दुसऱ्यांच्या घरात. म्हणजे इतर दीर्घिकांमध्ये, आणि त्यातही सर्पिल दीर्घिकांमध्ये जास्त. आज मला जी गोष्ट सांगायची आहे ती या शोधांची आहे. पण खरं सांगायचं तर ती दुर्बिणींपेक्षा वह्यांची आणि जुन्या फोटोंची गोष्ट आहे. का, ते हळूहळू कळेल.

आधी दोन शब्द सुपरनोव्हा म्हणजे काय यावर. मराठीत याला ‘अतिदीप्त नवतारा’ म्हणतात. नाव चांगलं आहे, फक्त त्यातला ‘नव’ हा शब्द फसवा आहे. तारा नवा नसतो, मरत असतो. सूर्याच्या आठपटींहून जास्त वस्तुमानाचा तारा आपलं इंधन भराभर जाळतो. सूर्याचं आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचं, याचं काही कोटींचं. शेवटी गाभा लोखंडाचा होतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे गाभा एका सेकंदाच्या आत स्वतःवरच कोसळतो आणि बाहेरचे थर उधळले जातात. दुसरी जात वेगळी आहे. त्यात श्वेतबटू नावाचा विझलेला लहान तारा जोडीदाराकडून वस्तुमान घेत जातो, आणि एका मर्यादेला पोचला की संपूर्ण उडतो. याला ‘एक-ए’ प्रकार म्हणतात.

आता सर्पिल दीर्घिकाच का? भारी तारे जन्मतात वायू आणि धूळ असते तिथे, म्हणजे सर्पिल भुजांमध्ये. त्यांचं आयुष्य इतकं कमी की जन्मस्थानापासून लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही. जिथे पाळणा तिथेच सरण. लंबवर्तुळाकार दीर्घिकांमध्ये नवे तारे जवळजवळ जन्मतच नाहीत, म्हणून तिथे मुख्यतः दुसऱ्या जातीचेच स्फोट दिसतात. वृषपर्वा आणि हंस यांच्या सीमेवर एनजीसी ६९४६ नावाची एक सर्पिल दीर्घिका आहे. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिथे असे दहा स्फोट नोंदले गेले. तिला फटाक्यांची दीर्घिका म्हणतात. सर्वसाधारण मोठ्या दीर्घिकेत मात्र शतकाला एखाद-दुसराच. त्यामुळे एकाच दीर्घिकेकडे बघत बसलात तर जन्म जाईल. हजार दीर्घिकांवर पाळत ठेवलीत तर वर्षाला काही हाती लागतील.

आता आपल्या भागात येऊ. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलात की पाटणादेवी लागते. तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील, निदान पावसाळ्यात धबधबे बघायला तरी. तिथल्या पाटण गावात एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने एक मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. काळ तेराव्या शतकाची सुरुवात. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा देणग्यांचा आणि करांचा भाग त्या वेळच्या मराठीत आहे. हिशोब आला की आपण मातृभाषेत येतो, ही सवय जुनी आहे!

भास्कराचार्यांचं स्वतःचं गाव नेमकं कोणतं यावर वाद आहेत, त्यात मी पडत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ चा. ‘सिद्धान्तशिरोमणि’ त्यांनी छत्तिसाव्या वर्षी लिहिला. आणि ‘करणकुतूहल’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ शके ११०५ चा, म्हणजे ११८३ चा. हे साल लक्षात ठेवा.

कारण दोनच वर्षं आधी, ऑगस्ट ११८१ मध्ये, शर्मिष्ठा तारकासमूहात एक नवा तारा उगवला. चीन आणि जपानमध्ये त्याच्या तारीखवार नोंदी आहेत. सुमारे सहा महिने तो दिसत होता. त्याचे अवशेष कोणते हे अलीकडे, २०२१ मध्ये, बऱ्यापैकी खात्रीने सांगता आलं. शर्मिष्ठेतलाच एक अंधुक वायुमेघ, त्याचं नाव पीए ३०.

आता कुणी म्हणेल, ऑगस्ट म्हणजे पावसाळा, आपल्याकडे ढग असणार. मान्य. पण तारा फेब्रुवारी ११८२ पर्यंत दिसत होता. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत शर्मिष्ठा संध्याकाळी उत्तरेला छान वर असते. म्हणजे भारतातला त्या काळातला सर्वांत मोठा खगोलगणिती हयात आहे, ग्रहगणितावर ग्रंथ लिहितो आहे, डोक्यावर सुपरनोव्हा आहे, आणि त्याच्या ग्रंथांत त्याबद्दल अक्षर नाही.

असंच १०५४ च्या खेकडा सुपरनोव्हाचं. तो तर दिवसाढवळ्या दिसत होता. डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय साहित्यात सुपरनोव्हांच्या नोंदी मिळतात का याचा पद्धतशीर शोध घेतला, आणि २००१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. हा नक्की सुपरनोव्हाच, असं बोट ठेवून सांगता येईल अशी निर्विवाद नोंद काही हाती लागली नाही.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘आपल्या लोकांना सगळं माहीत होतं, ग्रंथ जाळले गेले.’ दुसरी, ‘आपल्या लोकांनी आकाशाकडे कधी पाहिलंच नाही.’ मला दोन्ही पटत नाहीत. ग्रंथ नष्ट झाले हे खरंच आहे, त्यामुळे उद्या एखादी नोंद सापडूही शकेल. आणि पाहिलं नाही म्हणावं, तर वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त अवचित उगवणाऱ्या ज्योतींवर, केतूंवर, अख्खा अध्याय आहे. मला वाटतं फरक नोकरीचा होता. चीनच्या दरबारात रोज रात्री आकाश बघून ‘आज काय वेगळं दिसलं’ हे तारखेसह लिहून ठेवणं हे पगारी अधिकाऱ्याचं काम होतं. राजाला शकुन-अपशकुन कळावेत हा हेतू. विज्ञानाचा त्याच्याशी संबंध नव्हता. आपल्या ज्योतिषाचं काम होतं ग्रह उद्या कुठे असेल, ग्रहण कधी लागेल, याचं गणित. त्या गणिताला तारे लागतात ते खुणेच्या दगडांसारखे. एखादा दगड सहा महिने जास्तीचा दिसला तर गणित बिघडत नाही, मग लिहायचं कशाला? भास्कराचार्यांनी तो तारा पाहिलाही असेल. पण पाहणं वेगळं आणि नोंद करणं वेगळं.

आता सातशे वर्षं पुढे जाऊ, कारण हीच गोष्ट दुर्बीण आल्यावरही घडली. ऑगस्ट १८८५. देवयानी तारकासमूहातल्या त्या प्रसिद्ध धुरकट ठिपक्याच्या मध्याजवळ एक तारा दिसू लागला. फ्रान्समध्ये रूआं शहरात लुडोविक गुली लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवत होता, आपण इथे गच्चीवर दाखवतो तसंच. १७ ऑगस्टला त्याला तो तारा दिसला. त्याला वाटलं चंद्रप्रकाशामुळे दुर्बिणीत काहीतरी खोटं दिसतंय, आणि त्याने सोडून दिलं. तीन दिवसांनी डॉर्पाटच्या वेधशाळेत अर्न्स्ट हार्टविगला तोच तारा दिसला. त्याला खात्री होती की काल इथे हे नव्हतं. तरी वरिष्ठांची समजूत पटून तार जायला महिनाअखेर उजाडली. पण आज श्रेय हार्टविगचं आहे. सुपरनोव्हा दुसऱ्या दीर्घिकेत सापडण्याची ही पहिली वेळ.

अर्थात दुसरी दीर्घिका हे तेव्हा कुणाला माहीत होतं? देवयानीला लोक आपल्याच आकाशगंगेतला वायूचा ढग समजत. आपल्याकडे पुण्याला कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभारली ती १८८८ मध्ये. तीन वर्षं उशीर झाला, नाहीतर वीस इंची आरसा या ताऱ्याकडे वळला असता. नायगमवाला वर्णपट घेण्यात वाकबगार होते, म्हणून ही हळहळ जरा जास्तच.

या एका ताऱ्याने पुढे तीस-पस्तीस वर्षं खगोलशास्त्रज्ञांना चुकवलं. युक्तिवाद असा : देवयानी जर आपल्यासारखीच स्वतंत्र आणि प्रचंड दूरची दीर्घिका असेल, तर १८८५ चा तो एकटा तारा कोट्यवधी सूर्यांएवढा तेजस्वी असला पाहिजे. हे अशक्य. म्हणून देवयानी जवळच आहे. हार्लो शॅपली १९२० च्या गाजलेल्या वादात याच बाजूने बोलला. तर्क बिनचूक होता, फक्त ‘अशक्य’ हा शब्द चुकला.

उत्तर आलं ते जुन्या काचांमधून. तेव्हा फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेत. १९१७ मध्ये माउंट विल्सनला जॉर्ज रिची याला एनजीसी ६९४६ मध्ये, त्याच फटाक्यांच्या दीर्घिकेत, नवा तारा सापडला. मग त्याने आणि लिक वेधशाळेच्या हेबर कर्टिसने कपाटातल्या जुन्या काचा काढल्या, तर आणखी कितीतरी नवतारे वर्षानुवर्षं तिथेच बसलेले! कुणी मोजलेच नव्हते. ऑक्टोबर १९२३ मध्ये हबलने देवयानीच्या एका काचेवर असाच एक ठिपका नवतारा म्हणून खुणावला. मग जुन्या काचांशी ताडून पाहिलं तर तो ठिपका कमीजास्त होत होता. तो निघाला सेफीड जातीचा चल तारा, आणि त्यावरून देवयानीचं अंतर निघालं. आजचा आकडा पंचवीस लाख प्रकाशवर्षं. म्हणजे १८८५ चा तारा खरोखरच कोट्यवधी सूर्यांएवढा होता. मग १९३४ मध्ये वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी या जातीला वेगळं काढून सुपरनोव्हा हे नाव रूढ केलं. झ्विकी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होता, पण कामाला वाघ. १९३६ पासून पालोमारच्या अठरा इंची श्मिट दुर्बिणीने त्याने त्याच त्याच दीर्घिकांचे पुन्हा पुन्हा फोटो घेतले. आयुष्यात त्याने १२० हून अधिक सुपरनोव्हा शोधले. पद्धत एकच, आजची काच कालच्या काचेशेजारी ठेवायची.

इथे मला आपल्या जुन्या राज्याची आठवण होते. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. त्या राजवटीबद्दल मराठवाड्याला काय म्हणायचं आहे ते १७ सप्टेंबरला आपण दरवर्षी म्हणतोच. पण त्या संस्थानात एक काम असं झालं की ज्याची दखल घेतली पाहिजे. नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून दुर्बीण आणून १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेचा पाया घातला, आणि त्यांच्या निधनानंतर ती सरकारने चालवली. सगळ्या आकाशाचा फोटोंनी नकाशा करण्याचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प तेव्हा चालू होता. आकाशाचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या वेधशाळांना वाटले होते. सँटियागोने सोडलेला एक दक्षिणेकडचा पट्टा हैदराबादकडे आला. आठ इंची कॅमेरा-दुर्बिणीने काचा घ्यायच्या, एकेका ताऱ्याची जागा मोजायची, आकडे छापायचे. वर्षानुवर्षं हेच. लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून बारा खंड निघाले. यात काही ‘शोध’ नाही, बातमी नाही. पण नवा तारा ओळखायचा तर ‘काल इथे काय होतं’ हे सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते या माणसांनी लिहून ठेवलं. भास्कराचार्यांच्या काळात आपल्याकडे जी नोकरी नव्हती, ती आता होती.

काही लोक हे कपाट डोक्यातच घेऊन हिंडतात. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांना शेकडो दीर्घिकांची चित्रं तोंडपाठ होती. अंगणातल्या दुर्बिणीतून एकेक दीर्घिका बघायची, ‘हा ठिपका जास्तीचा’ असं लक्षात आलं की कळवायचं. नुसत्या नजरेने त्यांनी ४२ सुपरनोव्हा शोधले. मला स्वतःच्या घरातली चष्म्याची जागा आठवत नाही.

पुढचं काम यंत्रांनी घेतलं, आणि त्यात एक मराठी माणूस मध्यभागी आहे. कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. त्यांच्या पुढाकाराने पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीवर २००९ मध्ये एक शोधमोहीम सुरू झाली. २०१८ पासून तिचा पुढचा अवतार झ्विकीच्याच नावाने चालतो. दोन-तीन रात्रींत उत्तरेचं सगळं आकाश टिपायचं, संगणकाने आजच्या चित्रातून जुनं चित्र वजा करायचं. उरलं ते नवं. झ्विकीचंच काम, फक्त काचांऐवजी वजाबाकी. २४ ऑगस्ट २०११ ला या मोहिमेने सप्तर्षींच्या शेपटीजवळच्या एम १०१ या सर्पिल दीर्घिकेत एक-ए प्रकारचा सुपरनोव्हा पकडला, स्फोटानंतर साधारण अकरा तासांत. तो इतका लवकर सापडला म्हणूनच फुटलेला तारा पृथ्वीपेक्षा फार मोठा नसलेला श्वेतबटू होता हे निरीक्षणातून ठामपणे सांगता आलं. एक दिवस उशीर झाला असता तर ती माहिती गेली होती.

शोध लागला म्हणजे काम संपलं असं नाही. १९९३ च्या मार्चमध्ये फ्रान्सिस्को गार्सिया या स्पॅनिश हौशी निरीक्षकाला एम ८१ मध्ये सुपरनोव्हा सापडला. तो डोळ्यांना दिसेनासा होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांनी, त्याच्या रेडिओ लहरी टिपल्या. स्फोटाला तेव्हा पावणेनऊ वर्षं होत आली होती. पूनम चंद्रा, अलक रे आणि संजय भटनागर यांनी ती निरीक्षणं अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या आकड्यांशी जोडली आणि तिथलं चुंबकीय क्षेत्र काढलं. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी : मरण्याआधी तारा हजारो वर्षं वारा सोडत असतो, सेकंदाला दहा-वीस किलोमीटर. स्फोटाची लाट जाते सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या घरात. म्हणजे स्फोटानंतरच्या एका वर्षात ही लाट ताऱ्याने शेकडो ते हजार वर्षांत सोडलेला वारा ओलांडते. रेडिओतून आपण मेलेल्या ताऱ्याची जुनी रोजनिशी उलटी वाचत असतो.

आणि आता २०२३. १९ मे, वैशाख अमावास्या. जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना त्याच एम १०१ मध्ये नवा तारा सापडला. नाव २०२३ आयएक्सएफ. या नावांची गंमत सांगतो. १९९३ च्या त्या ताऱ्याच्या नावात ‘जे’ आहे, म्हणजे मार्च संपता संपता वर्षातला दहावा. ‘आयएक्सएफ’ मोजून पाहा, ती त्या वर्षातली ६,७१४ वी नोंद येते, आणि तेही मे महिन्यात! (यात नंतर सुपरनोव्हा नाही असं ठरलेल्या नोंदीही आल्या.) पुढे काय झालं? लोकांनी आपापले आदल्या रात्रीचे फोटो तपासले, तर काहींच्या फोटोंत तो तारा आधीच होता. गुलीचीच गोष्ट, एकशे अडतीस वर्षांनी. आपल्याकडे लडाखमध्ये हानलेला आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ ही सत्तर सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आहे, शेजारी दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. या दोन्हींनी आणि अवकाशातल्या ॲस्ट्रोसॅटने या ताऱ्याचा पाठपुरावा केला. फुटण्याआधी त्याने आपल्याभोवती दाट वायूचं कवच जमवलं होतं, हे अशा निरीक्षणांतून दिसलं.

माझी फजितीही सांगून टाकतो. बातमी कळल्यावर मी दोन दिवसांनी म्हैसमाळला गेलो. फोटो मिळाला, तारा स्पष्ट आला. मग वाटलं, आपलाच जुना फोटो शेजारी लावू. एम १०१ चे फोटो मी त्याआधी दोन-तीन हिवाळे घेतले होते. घरी येऊन शोधायला लागलो. फाइलींना नाव नाही, तारीख नाही, एक हार्ड डिस्क बंद पडलेली. एकही सापडला नाही. भास्कराचार्यांनी नोंद का केली नाही असं विचारणाऱ्या माणसाची ही अवस्था.

[श्रोत्यांमधून प्रश्न : इथून, शहरातून, आम्हाला असा शोध लावता येईल का?]

शहरातून अवघड आहे. जालना रोडच्या दिव्यांत एम १०१ सारखी फिकट दीर्घिका बुडून जाते. पण म्हैसमाळ, खुलताबादच्या पुढे, कन्नडकडे अजून अंधार शिल्लक आहे. मोठ्या मोहिमा दर रात्री आकाश विंचरतात, त्यांच्याशी शर्यत लावण्यात अर्थ नाही हे खरं. पण त्यांच्याकडे ढग असतात, दिवस असतो. इथे रात्र असते तेव्हा कॅलिफोर्नियात उजेड असतो, आणि पहिले काही तास फार मोलाचे असतात हे आत्ताच पाहिलं. तेव्हा वीस-पंचवीस जवळच्या सर्पिल दीर्घिका निवडा, त्याच त्याच पुन्हा टिपा. जास्तीचा ठिपका दिसला तर आधी जुना फोटो, मग लघुग्रहांची यादी, मग तासाभराने दुसरा फोटो. तो जागेवरच असेल तर आंतरराष्ट्रीय नोंदणीवर कळवा. आणि कृपा करून फाइलला तारीख द्या.

[प्रश्न : आपल्या आकाशगंगेत पुढचा कधी?]

शतकाला एक-दोन होत असावेत. पण बरेच धुळीआड लपतात, म्हणून ही चारशे वर्षांची रिकामी जागा. आज होईल की आणखी दोनशे वर्षांनी, सांगता येत नाही. झालाच तर त्याचा पहिला निरोप न्यूट्रिनो कणांकडून येईल, प्रकाश काही तासांनी. आणि औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे, ती तोवर चालू झालेली असेल तर गुरुत्वीय लहरींतून गाभा कोसळतानाचा धक्का हिंगोली जिल्ह्यातही नोंदला जाऊ शकेल.

बाकीचे प्रश्न बाहेर घेऊ. गच्चीवर दुर्बीण लावली आहे, शर्मिष्ठा आत्ता उत्तरेला चांगली वर आहे. ११८१ चा तारा कुठे होता ती जागा दाखवतो. तिथे या दुर्बिणीतून काहीही दिसणार नाही, आधीच सांगतो. नंतर देवयानी बघू. जिन्यात अंधार आहे, मोबाइलचा दिवा खालीच बंद करा आणि रांगेने या.